टेबलाखाली राखून ठेवलेली वस्तू

१

ज्युलियन फ्रेन गुडघे टेकून ग्लेंडाच्या टेबलाखाली शिरला, तेव्हा त्याची पाठ तेवढी बाहेर राहिली होती, आणि ती पाठसुद्धा रागावलेली दिसत होती.

"कुठाय?" खालून आवाज आला.

"तिथेच असेल. नीट बघा," ग्लेंडा म्हणाली.

"इथे जुन्या चपलांचं खोकं आहे आणि एक मोडकी इस्त्री. माझी वस्तू नाही."

मी चहाचा कागदी पेला हातात धरून शेजारीच उभी होते. ग्लेंडासाठी आणलेला दुसरा पेला तिच्या हातात होता, पण त्यातला चहा हिंदकळत होता.

आमच्या डिकीबाजाराची एक रीत आहे. दर रविवारी क्लाइव्ह गार्थच्या कुरणात आम्ही गाड्या रांगेने लावतो, डिक्या उघडतो, पुढे घडीची टेबलं मांडतो आणि घरात नको झालेलं विकतो. एखाद्याने "हे राखून ठेवा" म्हटलं आणि विकणाऱ्याने ते टेबलाखाली सरकवलं, की व्यवहार झाला. मग मागून कोणी दुप्पट भाव देवो, ती वस्तू पहिल्याचीच. कुरणावर बारीकसारीक चोऱ्या होतात, मी नाही म्हणत नाही. पण टेबलाखालून कोणी काही उचललं, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यात अजून गेट बंद होतं. गिऱ्हाइकं बाहेर रांगेत होती. आत फक्त आम्ही विकणारे, आणि ज्युलियनसारखे व्यापारी. ज्युलियनचं शहरात जुन्या वस्तूंचं दुकान आहे, दाराला पितळी घंटी असलेलं. तो विकणाऱ्याची फी भरून उजाडताच आत येतो, पण डिकी रिकामी. गिऱ्हाइकांच्या आधी आमची खोकी उचकायला मिळावीत, एवढ्यासाठी. आम्ही त्याला मागून शिव्या देतो आणि समोरून त्याच्या नोटा घेतो.

"कितीला ठरलं होतं?" मी विचारलं.

"दहा पौंड." तो बाहेर आला. पँटच्या गुडघ्यांवर दंवाचे दोन गोल डाग होते.

"दहा पौंडांसाठी एवढा थयथयाट?"

तो कानापर्यंत लाल झाला. "वस्तूची किंमत थोडी जास्त असू शकते."

"थोडी म्हणजे?"

"बेरिल, ते महत्त्वाचं नाही."

"चर्चचं छप्पर गळतंय, ज्युलियन. महत्त्वाचंच आहे."

ग्लेंडा विकते ते सगळं गावाने छपरासाठी दिलेलं असतं. हे त्यालाही माहीत होतं. तो आपल्या बुटांकडे बघत पुटपुटला, "तीन हजार. कदाचित चार."

आजूबाजूच्या टेबलांवरचे हात थांबले. मग सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. ग्लेंडाच्या शेजारच्या टेबलामागे लेनी पिक उभा होता. त्याला अजून कोणी हाकसुद्धा मारली नव्हती, पण त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं होतं.

२

लेनी मेलेल्या माणसांची घरं रिकामी करून देतो आणि त्यातून निघेल ते विकतो. काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या छपरावरचा शिशाचा पत्रा विकताना तो पकडला गेला होता आणि सहा महिने आत जाऊन आला होता. आसपासच्या सगळ्या कुरणांनी त्याला तेव्हाच बंदी केली. एकट्या क्लाइव्हने जागा दिली, आणि ती दिल्याचं तो लोकांना अधूनमधून ऐकवतही असे.

क्लाइव्ह लांब ढांगा टाकत आला. "बेरिल, तू बघ. आयुष्यभर बँकेच्या खिडकीमागे बसलीस, तुला लबाड माणूस वासावरून कळतो. पोलीस बोलावले तर आजचा बाजार बुडाला. गेट उघडायच्या आत सापडलं तर उत्तम. नाहीतर," त्याने लेनीकडे न बघता हनुवटी तिकडे वळवली, "सामान भरायचं आणि पुन्हा इथे दिसायचं नाही."

"माझं नाव आहे, क्लाइव्ह," लेनी म्हणाला. "घेतलंत तरी चालेल."

खरं सांगायचं तर मलाही लेनीच वाटला. माणसाचा जमा-खर्च मी त्याची सही बघायच्या आधी मांडते, आणि लेनीच्या खात्यात जमेच्या बाजूला फारसं काही नव्हतं. म्हणून मी आधी त्याच्याच व्हॅनकडे गेले.

त्याने एकेक खोकं स्वतः उघडून दाखवलं. घाई केली नाही, आढेवेढे घेतले नाहीत. पडद्यांच्या कड्या, घड्याळांची पोटं, कोणाच्या तरी नातवंडांचे फोटो काढून घेतलेल्या रिकाम्या चौकटी. व्हॅनच्या आतल्या बाजूला एक जाड पडदा होता.

"त्याच्यामागे काय?"

लेनीने हात पँटला पुसले. मग त्याने पडदा सरकवला. पातळशी गादी, तिच्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, एक किटली, दाढीचं सामान, आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे.

"आता सगळं पाहिलंत," तो म्हणाला. "उशीखाली पण बघून घ्या. तुमचं समाधान होऊ दे."

मी उशीखाली बघितलं नाही. पण बघायला हात पुढे झाला होता, आणि तो त्याला दिसला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"हे तपासात येतं का, बाई?"

"नाही."

"मग पुढचं विचारा."

"तुझं टेबल तिच्या शेजारी. तुला काही दिसलं?"

तो गादीच्या कडेवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लागला. "दिसलं ते दिसलं. मी तोंड उघडलं तर मी चोर तर आहेच, वर खोटारडा ठरेन. माझ्या शब्दावर या कुरणात कोणी टीपॉट तरी विकत घेईल का?"

"मी विचारतेय, मला सांग."

तो वर बघून चक्क हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"इथे सगळ्यांनी विचारावं," तो म्हणाला, "पण तुम्ही मुळीच विचारू नका."

३

ग्लेंडा टेबलावरच्या पुस्तकांची चवड लावत होती, मोडत होती, पुन्हा लावत होती.

आमची मैत्री जुनी. तिच्यात खोट काढायची तर मला फार शोधावं लागेल, आणि शोधणं हा तर माझा स्वभाव. माझा वॉल्टर शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा ती रोज संध्याकाळी यायची, त्याच्या उशाशी बसायची आणि मला झोपायला पिटाळायची. तो गेल्यावर मी तिला माझ्या आईच्या शेकोटीवरच्या फळीवरचं मातीचं घुबड दिलं. आमच्या घरात त्याहून मोलाचं काही नव्हतं; निदान माझ्या हिशेबाने.

"बस जरा," मी तिला खुर्ची दिली. "रडू नकोस. तुझी काय चूक?"

"तू जा ना, बेरिल. तुझ्या टेबलावर कोणी नाही. कपबशा जातील."

"जाऊ देत. तुला अशी सोडून जाऊ?"

तिने डोळे मिटून घेतले.

"वस्तू काय होती ते तरी सांग."

"फुलदाणी. साधीच. निळी." ती पुस्तकांकडे बघत बोलत होती. "कोणीतरी दिलेली."

"कोणी?"

"आता खोकी दाराशी ठेवून जातात लोक. कुठे लक्षात राहतं?"

"आणि कुठवर नजर होती तुझी तिच्यावर?"

"ज्युलियन म्हणाला, ठेवा, परत येताना नेतो. मी खाली ठेवली. मग गाडीतून काहीतरी काढायला वळले... मग तू आलीस चहा घेऊन. मग तो आला."

"लेनी इकडे फिरकला होता?"

ती गप्प राहिली. मला वाटलं, बिचारी, शेजाऱ्यावर आळ घ्यायचं तिच्या जिवावर आलंय. तिच्या त्या गप्प राहण्याचं मला कौतुकसुद्धा वाटलं.

सप्टेंबरचं दंव अजून गवतावर होतं आणि ती नुसत्या स्वेटरमध्ये होती. दातावर दात वाजत होते.

"तुझा कोट कुठाय?"

"गाडीत."

पुढच्या सीटवर तिचा हिरवा कोट गोळा होऊन पडलेला काचेतून दिसत होता. मी दार ओढलं. कुलूप. डिकी सताड उघडी, आणि पुढची दारं मात्र बंद.

"किल्ली दे, आणते."

"नको," ती इतक्या चटकन म्हणाली की पलीकडची पोरगी वळून बघायला लागली. "मला उकडतंय, बेरिल."

तिचे ओठ निळे पडले होते.

४

ज्युलियन स्वतःच्या रिकाम्या डिकीत बसून बेकन घातलेला पाव खात होता. राग आला की काहींची भूक मरते, काहींची खवळते.

"तीन हजारांची वस्तू टेबलाखाली टाकून तू फिरायला गेलास?" मी विचारलं. "दहा पौंड खिशात नव्हते?"

"होते की."

"मग?"

त्याने घास गिळला. "तुम्हाला माहितीये, बेरिल. लगेच पैसे काढले की विकणारा सावध होतो. हात मागे घेतो. म्हणतो, थांबा, मुलाला विचारतो. म्हणून जांभई द्यायची, 'ठेवा हो, जाताना नेतो' म्हणायचं आणि पलीकडे जाऊन दोन जुन्या रेकॉर्ड चाळायच्या. मी बावीस वर्षं असंच करतोय. एकदाही वस्तू हातची गेली नव्हती."

"म्हणजे चर्चला फसवायच्या नादात स्वतः फसलास."

"म्हणा, म्हणा."

"होतं काय ते?"

"मातीचं भांडं."

"कसलं? रंग? आकार?"

"एवढंच सांगणार. आज कुरणावर माझ्यासारखे अजून सहा जण आहेत. मी वर्णन केलं तर ते सगळ्यांच्या डिक्या उलट्या करतील."

"तू ओळखलंस तरी कसं?"

इथे त्याला राहवलं नाही. आपली हुशारी सांगायला मिळाली की ज्युलियनच्या तोंडाला कुलूप राहत नाही. "लांबून शंका आली होती. जवळ जाऊन डोकं उचललं, आत बघितलं, तर कुंभाराची खूण, तारीख, सगळं..."

तो थांबला.

"डोकं?" मी म्हणाले.

"झाकण. झाकण म्हणायचं होतं."

फुलदाणीला झाकण नसतं. आणि झाकणाला डोकं म्हणणारा माणूस उगीच म्हणत नाही.

माझी आई शिवणकामाची बटणं एका भांड्यात ठेवायची. बटण हवं असलं की आम्ही भावंडं भांडायचो, डोकं कोण उचलणार म्हणून. दोन्ही हातांनी उचलावं लागायचं, आणि ते डोकं हातात असतानाही आपल्याकडे बघून कुत्सित हसत राहायचं.

"बेरिल? काय झालं? बसता का?"

मी बसले नाही. गेट उघडायची वेळ होत आली होती, आणि लेनी आपलं टेबल मिटत होता.

५

"किल्ली दे, ग्लेंडा."

"अगं, म्हटलं ना मला उकड..."

"ती फुलदाणी नव्हती," मी हळू आवाजात म्हणाले. "ज्युलियनने तिचं डोकं उचलून आत बघितलं. तू मला वेगळं काही सांगितलंस, कारण खरं वर्णन केलं असतंस तर मी पहिल्याच शब्दाला ओळखलं असतं. तू कधी गाडी लावून कुलूप घालत नाहीस; आज घातलंस, आणि तेही फक्त पुढच्या दारांना. थंडीने काकडतेयस पण कोट घालत नाहीस. टेबलाखालून ती वस्तू कोणी चोरलीच नाही. मी पेले घेऊन येताना दिसले आणि तू ती उचललीस. लेनीने पाहिलं. म्हणून तो मला म्हणाला, तुम्ही मुळीच विचारू नका."

तिने किल्ली दिली. हात इतका गार होता की किल्लीच त्यापेक्षा ऊबदार वाटली.

कोटाच्या घड्या मी उघडल्या. घुबड होतं तसंच होतं, एक डोळा बारीक करून, जणू मलाच एखादी चहाडी सांगणार.

"मला ते आवडायचं नाही, बेरिल," ग्लेंडा म्हणाली. "त्याचं ते हसणं. चहा करायला गेले की मी त्याच्यावर टॉवेल टाकायचे. पण तू घरी आलीस की आधी त्याच्याकडे बघायचीस. मला कसं सांगता येणार होतं? शेवटी म्हटलं, छपराला देऊन टाकावं, आणि तुला सांगावं की पडून फुटलं."

"आणि मग मी आले."

"दोन पेले घेऊन. हसत." तिने नाक पुसलं. "मी कोटात गुंडाळलं. म्हटलं, ज्युलियन आला की हळूच देईन. पण तो ओरडत आला. मग म्हटलं, तू गेलीस की देईन. पण तू गेलीच नाहीस! माझी समजूत घालत राहिलीस, घालत राहिलीस..."

कुठल्याही दुसऱ्या दिवशी यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो.

"आणि लेनी?"

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"नाव घेतलं नाहीस. मी विचारलं तेव्हा नाहीही म्हणाली नाहीस."

तिने मान खाली घातली. मी तरी कुठल्या तोंडाने बोलत होते? तिने नुसतं गप्प बसून जे केलं ते मी दोन्ही हातांनी केलं होतं. त्याची एकेक पेटी उघडायला लावली होती.

"सांगूया ना, की चपलांच्या खोक्यात सापडलं," ती कुजबुजली. "गर्दीत इकडचं तिकडे झालं असेल. कोणाला काय कळणार?"

सोपं होतं. माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. ग्लेंडासाठी मी याहून मोठं खोटं बोलले असते. वॉल्टरच्या उशाशी बसलेली ती मला अजून दिसते. पण चपलांच्या खोक्यात सापडलं असतं, तर सगळं कुरण एकच म्हणालं असतं: घाबरून परत आणून ठेवलंन लेनीने.

"चहाच्या गाडीपाशी क्लाइव्ह आहे," मी म्हणाले. "रांगही आहे. तू सांगतेस, की मी सांगू?"

ती जागची हलेना. पलीकडे व्हॅनचं मागचं दार धाडकन लागलं.

६

तिने सांगितलं. चहाच्या रांगेसमोर, ते घुबड पोटाशी धरून, सगळं. एक शब्दही गाळला नाही. "लेनीने काही घेतलं नाही. मीच लपवलं. त्याच्यावर आळ येतोय हे मला दिसत होतं, आणि मी गप्प बसले." मग ती थांबली आणि म्हणाली, "बेरिलची भेट होती. मी ती विकत होते." हे तिला बाकीच्यापेक्षा जड गेलं.

लोक आपापल्या चहात बघत राहिले. क्लाइव्हने टोपी काढली, आणि ती काढून काय करायचं हे न कळल्यामुळे परत घातली.

ज्युलियन पुढे झाला. "म्हणजे... टेबलाखाली ठेवलं होतं. दहा पौंडांना. रीत म्हणजे..." त्याने रांगेकडे बघितलं. रांगेने त्याच्याकडे बघितलं. "रीत काय, बदलते," तो म्हणाला. त्याने नंतर चर्चला किती दिले ते मी इथे लिहीत नाही. छपराचं काम चालू आहे, एवढं पुरे.

लेनीने इंजिन सुरू केलं होतं. क्लाइव्ह व्हॅनच्या खिडकीशी जाऊन काहीतरी पुटपुटला; माफीच असावी, कारण ती त्याच्या तोंडातून दात काढावा तशी निघत होती. लेनी पुढच्या काचेतून बघत राहिला. मग त्याने किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि एकेक खोकं परत बाहेर काढू लागला. मदत कोणी केली नाही. कशी करणार? त्याच खोक्यांवर मघाशी आमची सगळ्यांची नजर होती.

गेट उघडलं. माणसं आत लोटली. आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आता लेनी चोर नाही हे कुरणावर प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी आमच्यातलं एकही माणूस त्याच्या टेबलाशी थांबेना. येताना पावलं मंदावायची, नजर वळायची आणि पुढे सटकायची. परकी गिऱ्हाइकं आमच्याकडे बघून आपोआप तसंच करत होती. आधी तो चोर म्हणून कोणी जात नव्हतं. आता आम्हीच तोंड चुकवत होतो. त्याच्या गल्ल्यात फरक शून्य.

शेवटी मी गेले. टेबलावरची टोस्ट उभे करायची चांदीच्या मुलाम्याची जाळी उचलली.

"केवढ्याला?"

"आठ," लेनी म्हणाला.

मी पर्स उघडली.

"थांबा. आठ देताय?"

"हो."

"याचे दोन आले तरी मी नाचेन, हे तुम्हाला माहितीये."

"असू दे, लेनी."

त्याने जाळीवर हात ठेवला. नखात काळं होतं. "असू दे नाही. दानपेटी पलीकडे आहे, छपराची. इथे भाव करतात, बाई."

मी पर्स मिटली. "एक," मी म्हणाले. "मुलामा उडालाय."

"कुठे उडालाय?"

"खाली बघ. आणि एक दांडी वाकडी आहे."

"दांडी सरळ आहे. तुम्ही वाकड्या उभ्या आहात."

"दीड. आणि याहून वर नाही."

"दीडला मी तुम्हाला टोस्टचा वास देईन. दोन."

"पावणेदोन."

"दोन, आणि कागदात गुंडाळून देतो. तुमच्या त्या कपबशांना ओरखडे पडायला नकोत."

"चोरा," माझ्या तोंडून निघून गेलं. भावाच्या भरात आम्ही सगळेच एकमेकांना म्हणतो. मी जीभ चावली. डोळ्यांपुढे त्या दोरीवरचे मोजे आले.

लेनीने माझ्याकडे बघितलं. "दोन," तो शांतपणे म्हणाला, आणि वर्तमानपत्राचा कागद ओढला.

माझ्या मागे ग्लेंडा येऊन उभी राहिली होती. आता तिने कोट घातला होता, सगळी बटणं लावून. तिने टेबलावरची एक छोटी काचेची मीठदाणी उचलली. तिच्यावर पन्नास पेन्सची चिठ्ठी होती.

"ही केवढ्याला, लेनी?"

लेनी कागदाची कड दुमडत राहिला. "ती विकायची नाहीये."

ती तशीच उभी राहिली. आजूबाजूला गाड्यांची दारं वाजत होती, कोणाचं तरी पोर आइस्क्रीमसाठी रडत होतं. ग्लेंडाने मीठदाणी जिथून उचलली होती तिथेच, चिठ्ठी लेनीकडे वळवून, अलगद ठेवली आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे यायला वाट करून दिली.